न धुतलेलं कापड

टीचरांच्या अंगणात कपडे वाळत घालायला दोन दोऱ्या होत्या. मागची आम्हा भाडेकरूंची आणि पुढची देवाची. देवाच्या दोरीवर फक्त चर्चमधल्या वेदीची कापडं वाळत. त्या दोरीला हात लावायचा नाही, खालून वाकून जायचं, आणि आसपास काहीही जाळायचं नाही, हा नियम आम्ही राहायला आलो त्या दिवशीच सांगितला गेला. आमचं सामान अजून टेम्पोत होतं.

"बाकी घरात काय करायचं ते करा," टीचर म्हणाल्या. "माझ्या दोरीला धूर नको."

माझ्या बाबांनी मान डोलावली आणि पेटवायला काढलेली बिडी खिशात परत ठेवली.

बाबा वालीवला एका कारखान्यात होते आणि उरलेल्या वेळात युनियनचं काम करत. आमच्या सामानात भांड्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त होते. मी अक्षरं शिकले तीही पत्रकांवरूनच. 'क' कमळाचा नव्हता, कामगारांचा होता. टीचरांनी त्या गठ्ठ्यातलं वरचं पत्रक उचललं, अंगणात उभ्या उभ्या वाचलं, आणि कमरेला खोचलेली लाल पेन्सिल काढून खोडायला सुरुवात केली. 'नराधम' गेला, 'रक्तपिपासू' गेला, 'ऐतिहासिक' गेला. मग त्यांनी कागद बाबांना परत दिला.

"आता कळतं," त्या म्हणाल्या, "की कॅन्टीनमध्ये प्यायला पाणी नाही."

बाबा रात्रीच्या जेवणापर्यंत धुमसत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते पत्रक तसंच छापायला दिलं.

टीचर मूळच्या वसई पश्चिमेच्या. तिथल्या वाडीत भावाचं घर होतं, केळीची बाग होती, सगळं गणगोत होतं. तरुणपणी इकडे कामणच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या मराठी शाळेत नोकरी लागली म्हणून त्या आल्या आणि निवृत्त झाल्यावरही परत गेल्या नाहीत. लग्न केलं नाही. परत का गेला नाहीत असं विचारलं तर म्हणायच्या, "तिथे झाडी फार. कपडे वाळत नाहीत." लोकांना ती थट्टा वाटे. मला वाटतं त्या अगदी खरं सांगत होत्या.

वेदीच्या कापडांचं धुणं त्यांनी चर्चकडून मागून घेतलं होतं. आधी स्वच्छ फडक्याने दोरी पुसायच्या, मग एकेक चिमटा. नीळ घालायच्या नाहीत. "निळीने पांढरं होत नाही. पिवळं लपतं." खळ भाताच्या पेजेची, तीही शेजारच्या वेणूकाकीच्या शेतातल्या तांदळाची, कारण विकतच्या तांदळाच्या पेजेला चिकटपणा नाही असं त्यांचं ठाम मत. मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, वेळी ज्या छोट्या कापडावर पवित्र भाकर आणि प्याला ठेवतात, त्याचं पहिलं पाणी गटारात जाऊ द्यायचं नाही, मातीतच जिरवायचं, ही चर्चची जुनी रीत. टीचरांनी ती सगळ्याच कापडांना लावली होती. पहिलं पाणी सोनचाफ्याच्या बुंध्याशी, मगच पुढचं धुणं.

वेणूकाकी भाताच्या शेतीवर वाढलेली, देव्हाऱ्यातले देव धुतले की ते पाणी तुळशीला घालणारी. तिला हे समजावून सांगावं लागलं नाही.

"तुमच्या देवाला चाफा, आमच्याला तुलस," ती कुंपणापलीकडून म्हणायची. "बरा चाललाय दोघांचा."

पुढे वस्तीतल्या बऱ्याच बायका घरातल्या चांगल्या कपड्यांचं पहिलं पाणी झाडाला घालू लागल्या. टीचरांनी कोणाला तसं सांगितलं नव्हतं. पण त्यांच्या हाताखाली अर्धी वस्ती शिकली होती, आणि मळकी कॉलर घेऊन वर्गात आलेल्या पोराला त्या वर्गाबाहेरच्या नळावर पाठवत. स्वच्छ नसेल ते चारचौघांत न्यायचं नाही, हे त्यांनी एवढ्या वर्षांत माणसांच्या हाडांत उतरवलं होतं. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे याच शिकवणीने आमचा घात केला.

मग डोंगरातून बोगदा गेला.

बोगद्यात गाड्यांचा धूर कोंडतो. मोठे पंखे तो ओढून घेतात आणि एका मनोऱ्यातून बाहेर टाकतात. हा मनोरा आमच्या वस्तीच्या डोक्यावर, डोंगराच्या उतारावर उभा राहिला. कागदावर त्याचं नाव वायुवीजन केंद्र. वस्तीत त्याला धुराडं म्हणतात. धूर बाहेर टाकण्याआधी गाळणारी यंत्रणा मूळ आराखड्यात होती. बांधताना ती 'पुढच्या टप्प्यात' गेली. आम्हाला सांगितलं गेलं की हवा इतक्या उंचावर सोडली जाईल की खाली काही येणारच नाही. पण थंडीच्या सकाळी डोंगराच्या कुशीत हवा हलत नाही. मनोऱ्यातून निघालेलं वर जात नाही, उतारावरून सावकाश खाली येतं आणि आमच्या कौलांवर बसतं. बोगद्यातून जाणाऱ्याचा वेळ वाचतो, त्याच्या गाडीच्या काचा बंद असतात. त्याने मागे सोडलेलं आमची पोरं छातीत भरून घेतात. हे त्याला माहीत नसेल. ज्यांनी गाळणी वगळली त्यांना माहीत होतं.

(शेवटची दोन वाक्यं टीचरांनी खोडली असती. मी ती राहू देते आहे.)

धुराडं सुरू झाल्यावर टीचरांना पहिल्यांदा जे दिसलं ते आकाशात नाही, दोरीवर दिसलं. एका सकाळी वेदीच्या मोठ्या कापडावर काळे ठिपके. झटकले तर पसरले. टीचर सरळ वेणूकाकीच्या दारात.

"वेणू, चूल पेटवलीस?"

"गॅस हाय ना, टीचर. चूल मोडून किती वरसं झाली."

"खोटं बोलू नकोस. कापडावर काजळी आहे."

"माझ्या घरात शिरून बघा. चूल मिलाली तर मला तिच्यात घाला."

टीचर खरोखर आत शिरल्या. चूल नव्हती. मग पुढचं घर, त्यापुढचं घर. त्या सकाळी त्यांनी सगळ्या वस्तीची स्वयंपाकघरं तपासली. एका घरात म्हातारे आजोबा उदबत्ती लावत होते, त्यांना ती विझवायला लावली. शेवटी अंगणात परत येऊन त्या दोरीखाली उभ्या राहिल्या आणि पहिल्यांदाच वर, उताराकडे बघितलं. 

वेणूकाकीची माफी त्यांनी शब्दांत मागितली नाही. तिच्या नवऱ्याचे भजनाला जायचे पांढरे सदरे त्या पुढे कायम स्वतः खळ घालून देऊ लागल्या. त्या सदऱ्याला इतकी खळ असायची की माणूस बसला की सदरा उभाच राहायचा. "टीचरनी माझ्या मालकाचा पुठ्ठा केला," वेणूकाकी म्हणायची, पण परत कधी सदरे स्वतः धुतले नाहीत.

धुराड्याशी टीचरांचं वागणं वर्गातल्या वांड मुलाशी असावं तसं होतं. संध्याकाळी मालाचे कंटेनर भिवंडीकडे निघाले की पंख्यांची घरघर वाढायची. टीचरांची प्रार्थनेची वेळ तीच. त्या दारात यायच्या, मनोऱ्याकडे तोंड करून ओठांवर बोट ठेवायच्या. घरघर थांबायची नाही. मग त्या आत जाऊन आणखी मोठ्याने प्रार्थना म्हणायच्या. मी एकदा हसले, तर म्हणाल्या, "हसू नकोस गो. ऐकत नाही म्हणून सांगायचं सोडतात का?"

मला त्या 'पत्रकवाली' म्हणत. तोवर मी कॉलेज संपवून गाळणीच्या मागणीसाठी पत्रकं लिहू लागले होते. पहिल्या पत्रकाचा मथळा होता, 'विषारी राक्षसाच्या जबड्यात निष्पाप वस्ती'. टीचरांनी पेन्सिल काढलीच नाही. नुसता कागद माझ्यासमोर धरला.

"तू राक्षस बघितलास?"

"ते प्रतीक आहे, टीचर."

"मग निष्पाप कोण? वेणूचा थोरला परवा माझी पपई चोरून गेला."

"टीचर, लोकांना चीड यायला हवी."

"लोकांना चीड आपली आपण यायला हवी. तू ओरडून दिलीस तर ती तुझी राहते." मग त्यांनी दोरीवरचं कापड माझ्या हातात दिलं. "विशेषणं काढ. डाग दाखव."

तिथूनच ती कल्पना निघाली. गाळणीच्या मागणीवर सुनावणी व्हायची होती. बोगद्याची माणसं त्यांच्या यंत्राचे आकडे आणणार होती, आणि ते यंत्र होतं बोगद्याच्या तोंडाजवळच्या कार्यालयात, जिथे कायम वारा असतो. आमच्याकडे यंत्र नव्हतं. टीचरांनी नवं पांढरं सुती कापड आणलं, सारखे तुकडे कापले, कडा दुमडून शिवल्या आणि घरोघरी नेऊन दिले. दोरीवर लावायचं, सुनावणीच्या दिवशी उतरवायचं आणि घेऊन यायचं. ज्याने त्याने आपल्या घरावर काय पडतं ते स्वतः टेबलावर ठेवायचं. मी पत्रक लिहिलं. त्यात एकही विशेषण नव्हतं आणि ते मला बेचव वाटत होतं.

कापडं लागली. वस्ती एखाद्या सणासारखी दिसू लागली आणि मग हळूहळू करडी होत गेली. आठवड्यागणिक पांढरेपणा उतरत होता. धुराड्याखालच्या घरांवरची कापडं सगळ्यात आधी काळवंडली. टीचर रोज सकाळी एक फेरी मारून सगळी बघून येत. इतक्या घाणेरड्या कापडांकडे इतक्या समाधानाने बघणाऱ्या टीचर मी पहिल्यांदा पाहत होते.

सुनावणी समाजमंदिरात होती. टेबलामागे अधिकारी, शेजारी बोगद्याचे इंजिनियर, समोर आम्ही. इंजिनियरांचं बोलून झालं. हवा मर्यादेत आहे, ते म्हणाले, आणि ते सभ्यपणे बोलले. मग आमची पाळी. टीचरांनी मागे वळून मान हलवली आणि बायका उठल्या. एकेक जण पुढे जाऊन पिशवीतून कापड काढून टेबलावर ठेवत होती.

सगळी कापडं पांढरी होती. धुतलेली, इस्त्री केलेली, चौपदरी घडी घातलेली. समाजमंदिरभर साबणाचा वास पसरला.

 मी वेणूकाकीचा दंड धरला. "काकी, धुतली का?"

"मग काय मलकी आनायची?" ती कुजबुजली. तिच्या चेहऱ्यावर खरंच आश्चर्य होतं. "साहेबासमोर? लोक काय म्हनतील, यांच्या घरात साबन नाय?"

"अगं, मळच दाखवायचा होता."

"ते मला कललं ना. पन सकाली उतरवला तर बघवेना. पहिला पानी झाडाला घातला," ती घाईने म्हणाली, जणू त्याने काही सावरणार होतं.

कोणी कोणाला विचारून हे केलं नव्हतं. प्रत्येक घरात, त्याच सकाळी, प्रत्येक बाईने स्वतंत्रपणे तेच केलं होतं.

मी टीचरांकडे बघितलं. त्यांचं कापड अजून बाकी होतं. त्या टेबलाशी गेल्या, पिशवीत हात घातला आणि थांबल्या. मग त्यांनी ते काढलं. तेही पांढरं होतं. पेजेची खळ घातलेलं. त्या स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

"मी पण," त्या म्हणाल्या.

अधिकाऱ्यांनी सगळ्यात वरचं कापड उचललं, दोन्ही बाजूंनी बघितलं, आणि अगदी सद्‍भावनेने म्हणाले, "स्वच्छ आहे की."

त्यांनी पुढची तारीख दिली, एवढीच त्यांची कृपा. परतताना सगळ्या बायका मान खाली घालून चालत होत्या. मी संतापले होते. टीचरांनी मला गप्प केलं. "त्यांना काही बोलायचं नाही. त्यांना मी शिकवलंय. चांगलं शिकवलंय."

त्यानंतरच्या रविवारआधी त्यांनी मला बोलावलं. वेदीचं मोठं कापड दोरीवर होतं आणि आठवडाभर तिथेच राहिलं होतं. काठाची क्रोशाची लेस टीचरांच्या आईच्या हातची. तिच्या प्रत्येक भोकात काळं बसलेलं.

"हे साबण घेऊन जा," त्या म्हणाल्या. घरातले सगळे साबण त्यांनी एका टोपलीत भरून ठेवले होते, अंगाचेसुद्धा. "सोमवारपर्यंत तुझ्याकडे ठेव. मी मागायला आले तर दार उघडू नकोस."

"टीचर, तुम्ही हे चर्चमध्ये नेणार?"

त्यांनी टोपली माझ्या हातात दिली. संध्याकाळी त्या खरंच आल्या. मी दार उघडलं नाही. बाहेर त्या बराच वेळ उभ्या होत्या, त्यांच्या श्वासाची शिट्टी मला आतून ऐकू येत होती. छातीचं दुखणं तेव्हा सुरू झालेलं होतं. मग पावलं परत गेली.

मी चर्चमध्ये जाणाऱ्यांतली नाही. त्या रविवारी मागच्या बाकावर जाऊन बसले. वेदीवर ते कापड अंथरलेलं होतं. मेणबत्त्यांच्या उजेडात डाग लपत नव्हते. पुढच्या बाकांवर कुजबूज सुरू झाली. एक बाई ते बदलायला उठली. तेवढ्यात फादर आले. मिस्सेच्या सुरुवातीला ते वाकून वेदीचं चुंबन घेतात. ते वाकले आणि अर्ध्यात थांबले. मान वर करून त्यांनी टीचरांकडे बघितलं. टीचर नजर न हलवता बघत होत्या. आयुष्यभर ज्या गोष्टीवरून मुलांना वर्गाबाहेर काढलं ती त्यांनी आज देवासमोर मांडली होती. फादरांनी उठलेल्या बाईला हाताने खाली बसायची खूण केली. मग वाकून त्यांनी त्या काजळीवर ओठ टेकवले.

ही गोष्ट दुपारपर्यंत हिंदू घरांतही पोचली होती. वेणूकाकी कुंपणाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "टीचरनी देवासमोर मलका ठेवला. मग साहेब कोन लागून गेला?"

वस्तीत परत कापडं लागली.

टीचर दुसऱ्या तारखेपर्यंत राहिल्या नाहीत. त्याच थंडीत त्या गेल्या. दवाखान्यात शेवटच्या भेटीत मी त्यांच्या उशाशी बसले होते आणि माझ्या डोक्यात काय चाललंय ते त्यांना कळलं. बोलायला त्रास होत होता, तरी बोलल्या. "धुराचा बळी असं छापशील. नको छापू. डॉक्टर तसं म्हणाले नाहीत." मग म्हणाल्या, "म्हणाले तर छाप." डॉक्टर तसं म्हणाले नाहीत. वय झालं होतं, छाती कमकुवत होती, एवढंच म्हणाले. मी छापलं नाही. त्या घराच्या कौलांवर काय पडत होतं एवढंच इथे सांगितलं आहे.

त्या गेल्यावर बायकांनी त्यांचं घर धुऊन काढलं. भांडी, चादरी, पडदे, खिडक्यांचे गज. कोणीतरी पुढच्या दोरीपाशी गेलं. तिथे टीचरांचं सुनावणीसाठीचं कापड होतं, त्यांनीच पुन्हा लावलेलं. वेणूकाकीने बादली खाली ठेवली आणि मध्ये जाऊन उभी राहिली.

"हा ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "ह्याला हात लावायचा नाय."

पुढचं थोडक्यात सांगते. आता धुराड्याभोवती परांची बांधली आहे आणि गाळणी बसवायचं काम चालू आहे, कधी चालू असतं, कधी बंद. पंखे मात्र रोज फिरतात. आमच्या पत्रकात 'विजय' हा शब्द मी लिहिला होता, मग स्वतःच खोडला.

पण मला सांगायचं आहे ते दुसऱ्या सुनावणीचं. तेच समाजमंदिर, तेच टेबल, तीच माणसं. यावेळी साबणाचा वास नव्हता. बायका एकेक करून गेल्या आणि कापडं उलगडून ठेवली, कोणी लाजलं नाही. सगळ्यात शेवटी वेणूकाकी टीचरांचं कापड घेऊन गेली. दोन्ही हातांवर आडवं धरून, झटकलं जाऊ नये म्हणून सावकाश.

इंजिनियर खुर्चीवरून उठून पुढे आले. त्यांनी कापडावरून एक बोट फिरवलं. मागे पांढरी रेघ उमटली. त्यांनी बोटाकडे बघितलं आणि दुसऱ्या हाताने खिशातून रुमाल काढला. पांढरा, घडी न मोडलेला, घरी कोणीतरी इस्त्री करून दिलेला. बोट रुमालापर्यंत गेलं आणि थांबलं. त्यांनी रुमाल तसाच परत खिशात ठेवला. अधिकारी काही विचारत होते, ते उत्तरं देत होते, पण ते बोट सबंध वेळ टेबलापासून वर उचललेलं होतं, कुठे टेकवावं ते कळत नसल्यासारखं.

वेणूकाकी ते बघत होती. अखेर तिला राहवलं नाही.

"भायेर नल हाय, साहेब. जा, धुवून या," ती म्हणाली. "पहिला पानी झाडाला घाला."